मुगीच्या वजनाची रेघ

सौंसरच्या संत्रा बागायतदार संघाकडे एक कॉम्प्युटर होता आणि तो बहुतेक वेळ खोळ घालूनच बसलेला असायचा. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू त्याच्या चौकटीवर वाळून घट्ट झालं होतं. संघाने नागपूरहून आणलेला ऑपरेटर एक उन्हाळाही टिकला नाही. इथं बोलायला कोणी नाही, म्हणाला आणि गेला. तेव्हा सेक्रेटरी भगवंतरावांना आठवलं, की आपल्या श्रीकांतची बायको संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली आहे आणि घरी पोरगी सांभाळत बसली आहे.

"दुपारून येत जा, सूनबाई," ते म्हणाले. श्रीकांतच्या वडिलांशी त्यांचा घरोबा होता, म्हणून ती त्यांना काकाजी म्हणायची. "संत्र्याचे भाव त्याच्यात भरून ठेव. आन् जमलं त नागपूर मार्केटच्या भावाचा एक गिराफ काढून दे. बोर्डावर लावतो. लोकाइले आकडे नाही समजत, रेघ समजते."

ते सहज बोलले. उर्मिलेने मात्र ते धरून ठेवलं.

अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण होता. बागांमधलं फळ अजून हिरवं, कडक. त्यामुळे संत्री निवडायची लांबलचक शेड रिकामी पडलेली आणि संघाच्या आवारात दुपारी चिटपाखरू नसायचं. लाइन, म्हणजे वीज, त्याच वेळी काय ती धड असायची. उर्मिला मुगीला कडेवर घेऊन यायची, टेबलाशेजारी दुपटं अंथरून तिला निजवायची आणि खोळ काढायची. मग तिचा एक डोळा पडद्यावर आणि एक पोरीच्या छातीवर. छाती वर गेली. खाली आली. पुन्हा वर जाईस्तोवर उर्मिलेचा हात कळफलकावर तसाच थांबलेला असे.

आठ महिन्यांची मुगी वाळत चालली होती. निदान उर्मिलेला तसं वाटत होतं आणि हे वाटणं तिच्या एकटीचंच होतं. सासूबाई, कलाबाई, म्हणायच्या, "लांबून राहिली ते. लेकरू लांबलं का बारीक दिसते." गावातले डॉक्टर म्हणाले, दात येत असतील. शेजारणी म्हणत, पहिल्या खेपेच्या आईला असंच होतं. सगळे प्रेमाने म्हणत आणि सगळं एकच म्हणत, त्यामुळे बोलायला जागाच उरत नसे. नागपूरला लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेऊ या का, असं तिने दोनदा विचारून पाहिलं. "पोळ्याले श्रीकांत येईन, मंग पाहू," यावर दोन्ही वेळा गोष्ट मिटली. पोळा श्रावणाच्या अगदी शेवटच्या दिवशी. मध्ये अख्खा महिना पडलेला.

श्रीकांत कोरब्याला होता, वीज केंद्राच्या बांधकामावर. गेल्या खेपेला तो आला, तेव्हा तिने त्याला आलेखाचा कागद दाखवला होता. मुगीची वजनं, पेन्सिलीच्या ठिपक्यांनी मांडलेली. तो हसला होता, पण वाईट हसला नव्हता.

"तुझा हातच भित्रा आहे, उर्मिला. तू काढलेली रेघ खालीच जाणार."

तो गेल्यावर तिने कागद उजेडाला धरून पाहिला. शेवटचे ठिपके खरंच जास्त दाबून काढलेले होते, कागद मागून उचलला गेला होता. सासूवर नाही, डॉक्टरवर नाही, पण तेव्हापासून तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला.

वजनं ती संघातच घ्यायची. खत-बियाण्याच्या दुकानात दोन पारड्यांचा काटा होता आणि शनिवारी दुपारी दुकान बंद असायचं. एका पारड्यात दुपट्यासकट मुगी, दुसऱ्यात लोखंडी मापं. मग दुपट्याचं वजन वेगळं. मुगीला पारड्याचं झुलणं आवडायचं, ती साखळ्या धरून हसायची. एका शनिवारी शेड झाडणाऱ्या शकुबाईने ते पाहिलं आणि खराटा हातात धरून ती दारातच उभी राहिली.

"लेकराले तोलू नोको वो बाई. तोललं का नजर लागते."

"काट्याची कसली नजर, शकुबाई?"

"काट्याची नाही, आकड्याची. आकडा एकदा तोंडातून निंघाला, का तो गावात फिरते. मंग कोन पाह्यते त्याच्याकडे, काय सांगता येते?"

उर्मिलेने ऐकून घेतलं. नजर-बिजर ती मानत नव्हती. पण त्यानंतर तिने वजन कुणाला सांगितलं नाही, कागदावरही लिहिलं नाही. कॉम्प्युटरमध्ये एका कोपऱ्यात भरून ठेवलं. मानत नसलो तरी उगाच कशाला, एवढाच तिचा विचार होता.

हॉस्टेलमधली तिची मैत्रीण स्मिता आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. भगवंतरावांच्या ग्राफसाठी उर्मिलेने तिला लिहिलं, तेव्हा तिने टपालाने दोन फ्लॉप्या पाठवल्या. आलेख काढण्याचा एक प्रोग्रॅम होता, तिकडच्या कुठल्या विद्यापीठातल्या लोकांनी लिहून मोकळा सोडलेला. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. फक्त तो तयार मिळत नव्हता. गव्हासारखा अख्खा यायचा, आपल्या मशीनवर आपण दळून घ्यायचा, आणि दळण्याआधी एक ठरवावं लागायचं: काढलेली रेघ उतरवायची कुठं.

त्यासाठी एका फाइलमध्ये यादी होती. काळा-पांढरा पडदा, रंगीत पडदा, पेनांनी चित्र काढणारं यंत्र, ठिपक्यांचा प्रिंटर, आणखी कायकाय, आणि सगळ्यात शेवटी 'साधी अक्षरं'. हवं त्याच्यापुढे एक लिहायचा, नको त्याच्यापुढे शून्य. स्मिताने बजावलं होतं, सगळं घेऊ नकोस, तुझ्या मशीनच्या पोटात मावणार नाही. उर्मिलेने पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे एक लिहिला. दुपारभर डिस्क दळत राहिली, एकेक फाइल पुढे सरकत राहिली, मुगी दोनदा उठली, दोनदा निजली आणि अगदी शेवटी पडद्यावर उमटलं की जागा पुरत नाही. एक दळण म्हणजे एक अख्खी दुपार. चुकलं की दुसऱ्या दिवशीच्या लाइनची वाट पाहायची.

म्हणून दुसऱ्या खेपेला ती यादीपुढे बराच वेळ बसून राहिली. भगवंतरावांना ग्राफ बोर्डावर लावायचा होता, म्हणजे प्रिंटर हवाच. पण प्रिंटर लागला की असा कर्कश ओरडायचा की शेजारच्या खोलीतून माणसं पाहायला येत. आणि पहिली रेघ कशाची काढायची, हे तिच्या मनात कधीच ठरलेलं होतं.

तिने पडद्यापुढे एक लिहिला आणि बाकी सगळीकडे शून्य. आधी चालतं का ते पाहू, जागाही कमी लागेल, असं ती स्वतःला म्हणाली. ते खोटं नव्हतं. खरं कारण तेवढं तिने मनातसुद्धा उच्चारलं नाही: पडद्यावरची रेघ ती एकटीच पाहणार होती, आणि स्विच बंद केला की ती कुठेच उरणार नव्हती. तिला कुणाची नजर लागणार नव्हती.

दळण संपलं तेव्हा लाइन जायची वेळ झाली होती. तिने घाईने वजनं दिली. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग खालून वर एक रेघ चढत गेली. चढली, चढली, पाचव्या महिन्याशी थबकली, आडवी झाली आणि मग खाली वाकली.

उर्मिला घाबरली, पण शिकलेलं विसरली नाही. मशीन आपल्या मर्जीने मापं घेतं, थोडा उतार मोठा करून दाखवतं, हे तिला ठाऊक होतं. तिने किलोंची उभी पट्टी शून्यापासून सुरू करायला लावली. पुन्हा काढलं. वाक लहान झाला, पण गेला नाही. या रेघेवर कुणाचा हात दाबला गेलेला नव्हता. हिला सासू नव्हती, नवरा नव्हता, पहिली खेप नव्हती. पाच महिन्यांची असताना मुगी जेवढी होती, त्याहून आज ती कमी होती.

एवढ्यात लाइन गेली. पडदा एका ठिपक्यात आटला आणि विझला.

अंधारलेल्या काचेपुढे ती बसून राहिली. आपलं वाटणं खरं होतं, या गोष्टीचा आनंद कसा करायचा असतो, तिला समजेना. कोणाला तरी सांगावं म्हणून तिने मान वळवली. शेजारी दुपट्यावर फक्त मुगी होती, डोळे उघडे ठेवून छताकडे बघत. अलीकडे ती जागी झाली तरी रडत नसे.

त्या संध्याकाळी कलाबाई अंगणात वाती वळत बसल्या होत्या. उर्मिला समोर जाऊन बसली.

"आई, मुगीचं वजन वाढत नाही. उतरून राहिलं आहे. आज मी पाहिलं."

"कुठं पाह्यलं?"

"कॉम्प्युटरवर. रेघ येते त्याच्यात."

"मंग आन ना दाखवाले."

"ती तिथंच राहते. बंद केलं की जाते."

कलाबाईंनी वात मांडीवर फिरवली. "म्हनजे तुयासारखीच हाये ते मशीन. जे काय दिसते ते एकटीलेच."

उर्मिलेने वळलेल्या वाती एका बाजूला केल्या.

"आन् वजन कुठून आलं?" कलाबाईंचा आवाज आता खाली आला होता, आणि तो खाली आला की जपून राहावं लागायचं. "शकुबाई सांगून राहिली होती, मी म्हटलं नाही, मायी सून शिकलेली हाये, असं नाही करनार. संतरं हाये का ते लेकरू, काट्यावर टाकाले? श्रीकांतले मी कधी तोललं नाही. कधी बोटानं मोजलं नाही का केवढा झाला. झाला ना मोठा?"

"झाले, आई."

"पांढुर्ण्याची पोरगी," कलाबाई वातींना म्हणाल्या. पांढुर्णा हे उर्मिलेचं माहेर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते, जाम नदीच्या या काठाने त्या काठच्या सावरगावावर दगड फेकायचे आणि त्यांनी यांच्यावर. "दगड हातात घेतला का टाकल्याशिवाय राह्यत नाही हे लोक."

रात्रभर उर्मिलेला ते दगडाचं नाही लागलं. ते एकटीचं लागलं. कारण ते खरं होतं. यादीतल्या एका ओळीपुढे एक लिहिताना तिने हेच मागितलं होतं, की कोणाला दिसू नये. आणि जे कोणाला दिसत नाही, ते घेऊन नागपूरला जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पडद्याला शून्य केलं आणि ठिपक्यांच्या प्रिंटरपुढे एक लिहिला. दुपार दळण्यात गेली. त्याच्या पुढच्या दुपारी प्रिंटर ओरडला आणि त्याने पानभर वेडीवाकडी चिन्हं ओकून टाकली. संघाने घेतलेला प्रिंटर स्वस्तातला होता, चित्राची भाषा त्याला येत नव्हती. अक्षरं सोडून त्याला काहीच येत नव्हतं.

मुगीला त्या रात्री अंगात कणकण होती. सकाळी उतरली. "पाह्य, दातच हाये," कलाबाई म्हणाल्या.

मग उर्मिलेने यादीतली शेवटची ओळ उघडली. साधी अक्षरं. पहिल्या दिवसापासून तिने त्या ओळीकडे पाहिलंही नव्हतं. कॉलेजात शिकलेल्या माणसाने रेघेच्या जागी फुल्या आणि चांदण्या काढायच्या, हे तिला पोरखेळ वाटलं होतं. पण अक्षरं कुठेही उतरतात. कसल्याही प्रिंटरवर, कुणाच्याही कागदावर. तिने तिच्यापुढे एक लिहिला, बाकी सगळं शून्य केलं आणि मुगीला मांडीवर घेऊन दळण संपायची वाट पाहिली. आता दुपट्यावर ठेवायचं तिला जमत नव्हतं.

प्रिंटर लागला. या खेपेला तो हळूहळू, एकेका ओळीवर थांबत ओरडत होता. डाव्या काठाला किलो, खाली महिने आणि मध्ये चांदण्या. मुगी दचकली, पण रडली नाही. शेजारच्या खोलीतून भगवंतराव चष्मा कपाळावर चढवत आले, जसे ते येणार हे तिला ठाऊकच होतं.

"निंघाला का गिराफ? वा." त्यांनी कागद अजून प्रिंटरमध्ये असतानाच वाकून पाहिला. "हा कायचा भाव आहे, सूनबाई? संत्र्याचा त नाही. आपला भाव असा कधी पडला नाही. कापूस आहे का?"

अजूनही हो म्हणता आलं असतं. उर्मिलेने मुगीचं टोपडं सारखं केलं.

"भाव नाही, काकाजी. मुगीचं वजन आहे."

भगवंतरावांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. चांदण्यांवरून बोट फिरवत नेलं, वाकाशी थांबवलं. मग मांडीवरच्या मुगीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मुगीला ते येता-जाता रोज पाहत होते.

"हे केव्हापासून?"

"तीन महिने झाले."

"आन् कोनाले सांगितलं नाही?"

"सगळ्यांना सांगितलं."

लोकांना रेघ समजते, हे आपणच म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात असेल किंवा नसेल. "सकाळी पहिली बस आहे नागपूरची," एवढंच ते म्हणाले आणि कागद त्यांनी स्वतःच्या हाताने, भोकांच्या पट्ट्या न फाडता, सांभाळून काढून दिला. मग जाता जाता दारात वळले. "वहिनीले मी सांगू का?"

"नाही, काकाजी. मी सांगते."

कलाबाईंना वाचता येत नव्हतं. उर्मिलेने स्वयंपाकघरात, चुलीपासून लांब, जमिनीवर कागद पसरला आणि त्यावर चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या.

"इथं ती जन्मली. ही एकेक चांदणी म्हणजे तिचं वजन. जशी ती वाढली तशा चांदण्या वर गेल्या."

कलाबाई हाताचं पीठ न धुता वाकून पाहत होत्या. उर्मिला पुढे काही बोलली नाही. पुढचं बोललं असतं तर ते पुन्हा तिचं वाटणं झालं असतं.

चुलीवर भाकरी करपायला लागली आणि कोणी उठलं नाही.

"हे अशी," कलाबाईंनी पिठाचं बोट कागदाच्या वर, न टेकवता, वाकाशी धरलं, "हे अशी खाली कायले जाऊन राहिली?"

"तेच विचारायला जायचं आहे, आई."

कलाबाई उठल्या. भाकरी उलथली, तवा उतरवला, हात धुतले. त्या रागावल्या आहेत की काय, उर्मिलेला त्यांच्या पाठीवरून कळेना. देव्हाऱ्याशी जाऊन त्या काजळाची डबी घेऊन आल्या. मुगीला तीट लावतील असं वाटून उर्मिलेने तिला पुढे केलं. कलाबाईंनी मुगीच्या गालाला लावलीच, पण मग त्या खाली बसल्या आणि करंगळीने काजळाचा एक ठसठशीत ठिपका कागदावर लावला. शेवटच्या चांदणीच्या बाजूला, मोकळ्या जागेत.

"आता ने," त्या म्हणाल्या. "आता कोनी पाह्यलं तरी चालते."

"तुम्ही येता का, आई?"

कलाबाईंनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "मले बसमधी गरगरते. आन् तिथं मी काय बोलू. तुले बोलता येते." उठताना त्यांनी मुगीच्या तळपायाला हात लावला आणि तो तसाच धरून ठेवला. बोटांनी त्या पाय चाचपत होत्या, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, मोजल्यासारखा. मग हात सोडला.

सकाळी पहिल्या बसला गर्दी नव्हती. उर्मिलेला खिडकीची जागा मिळाली. शेजारची जागा रिकामीच राहिली आणि तिथे तिने पिशवी ठेवली: दुपटी, पाण्याची बाटली, कलाबाईंनी फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. कोरब्याला पत्र टाकायचं राहिलं, हे तिला गाव सुटल्यावर आठवलं. नागपूरहूनच टाकावं लागणार होतं, आणि त्यात काय लिहायचं ते दुपारनंतरच कळणार होतं.

लोधीखेड्याला बस थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. मुगी मांडीवर जागी होती, बाहेरच्या शेळ्यांकडे बघत. उर्मिलेने पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर उलगडला. डॉक्टरसमोर काय म्हणायचं, कुठून सुरुवात करायची, ते पुन्हा एकदा ठरवायचं होतं.

घडी घालताना काजळ ओलं राहिलं होतं. ते समोरच्या भागावर उमटलं होतं. आता कागदावर दोन ठिपके होते. एक सासूबाईंनी लावलेला, शेवटच्या चांदणीच्या शेजारी. आणि दुसरा, फिकट, घडीच्या वरच्या बाजूला, सगळ्या चांदण्यांच्या वर, जिथे अजून कुठलंच वजन पोचलेलं नव्हतं.

तिने तो अंगठ्याने पुसून पाहिला. गेला नाही, थोडा पसरला. संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाने असला ठिपका धरायचा नसतो. तिने तो धरलाही नाही. पण कागदाची घडी पुन्हा घालताना ती त्या जागेवर पडू दिली नाही. ड्रायव्हर चढला. बस सुटली, आणि मुगीच्या छातीवर हात ठेवून उर्मिला पुढचा रस्ता पाहू लागली.